डावीकडचा हात

शिवणमावशीकडे लोक जुनेच कपडे घेऊन यायचे. नवं शिवणं तिनं कधीच सोडलं होतं. पँटची चेन गेली, कोटाचं अस्तर फाटलं, पोराचा युनिफॉर्म आखूड झाला की माणसं तिच्या दारात. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. तिथे एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि रंगवार लावलेल्या बटणांच्या बरण्या. उसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याची घट्ट शिलाई ती ब्लेडच्या टोकानं अशी सोडवायची की कापडाला कळूही नये.

तिचा नवरा सुतार होता, आणि त्यांच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या चार वडिलांपैकी एक. मंडळी लहानशीच, एका गोदामाच्या माडीवर रविवारी जमणारी. फार वर्षांपूर्वी यांचे आजे-पणजे मोठ्या चर्चमधून बाहेर पडले होते. तिथे देवाच्या आज्ञांपेक्षा माणसांचे नियम वाढले, असं त्यांचं म्हणणं. बाहेर पडल्यावर मग त्यांनी स्वतःचे नियम केले. एकेका भांडणाला एकेक नियम, असं होत होत ते पुष्कळ झाले. ते कुठे लिहिलेले नव्हते, पण लहान मुलालाही पाठ असायचे.

त्यातला सगळ्यांत कडक नियम 'दूर ठेवण्या'चा. ज्याला मंडळीनं दूर ठेवलं, त्याच्याशी कामापुरतं बोलायला हरकत नव्हती. मात्र त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. त्यानं वस्तू खाली ठेवायची, हात मागे घ्यायचा, मग आपण उचलायची.

मावशीची एकुलती एक लेक सहा वर्षं अशी दूर होती.

लेक आधी लाकूडमिलच्या ऑफिसात कामाला होती. मिलचा मालक मंडळीतलाच, वडिलांपैकी थोरला. करवतीवरची लोखंडी जाळी कामाला आड येते म्हणून त्यानं काढून ठेवायला लावली, आणि एका कामगाराचा डावा हात मनगटापासून गेला. प्रकरण कोर्टात गेलं. मालक म्हणाला, जाळी होती, त्यानं स्वतःच काढली. लेकीला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी मालकानं तिला जवळ बसवून सांगितलं, "पोरी, तुला आठवत नाही एवढंच म्हण. भावानं भावाविरुद्ध कोर्टात उभं राहायचं नाही, हा आपला नियम." लेक म्हणाली, "पण काका, आठवतंय ना मला." आणि कोर्टात तिनं आठवत होतं ते सांगितलं.

पुढच्याच रविवारी तिला दूर ठेवायचं ठरलं. वडिलांनी हात वर केले. चारही हात वर गेले. बायकांना हात नसतो, त्यामुळे मावशीला काही विचारायचा प्रश्नच नव्हता. ती बायकांच्या बाकावर बसून समोरच्या बाईच्या कोटाची शिलाई बघत राहिली. खांद्याला टाका सुटला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर मावशी दुकानात बसली होती. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं तिचं अंगुस्तान मशीनखाली घरंगळलं. लेकीनं वाकून उचललं आणि नेहमीसारखं पुढे केलं. मावशीचा हात अर्ध्यातून मागे आला. अंगुस्तान दोघींच्या मध्ये पडलं. लेकीनं ते परत उचललं, टेबलावर ठेवलं, आणि आठवड्याभरात शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहायला गेली. तिथल्या वृद्धाश्रमात तिला काम मिळालं. म्हाताऱ्यांना उठवणं, पुसणं, भरवणं.

पलीकडच्या घरात एक बाई राहायची, टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली. सगळे तिला फोनवाली म्हणत. ती कुठल्याच मंडळीची नव्हती. "माझं बाई बरं आहे," ती मावशीला म्हणायची, "माझ्या देवाला एवढे वडील सांभाळावे लागत नाहीत."

"तू गप."

"गप कशी बसू? जन्म लोकांचं ऐकण्यातच गेला, आता बोलायची पाळी माझी."

सुताराला झटका आला तो फळ्यांना रंधा मारताना. डावं अंग लुळं पडलं. हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा बोलणं जड झालं होतं, पण डोकं शाबूत होतं. विचित्र होतं ते वेगळंच. डावीकडचं जगच त्याच्या लेखी संपलं होतं. थाळीतलं उजवीकडचं तेवढं त्याला दिसायचं. डावीकडून हाक मारली की मान उजवीकडे वळवून शोधायचा. व्यायाम करून घ्यायला येणारा गृहस्थ म्हणाला, "डोळे ठीक आहेत मावशी. मेंदूनं ती बाजू सोडून दिलीय. डावीकडे कोणी नसतंच, असं त्यांना वाटतं. हाताला मात्र थोडी थोडी जाणीव परत येईल."

त्याहून मोठी अडचण गिळण्याची होती. घास घशाऐवजी श्वासनळीत जायचा. चमचा लहान हवा, हनुवटी खाली हवी, एक घास गिळला की नुसतंच आणखी एकदा गिळायला लावायचं, मग दुसरा. मावशीच्या बोटांची पेरं सुजून लाकडासारखी झाली होती आणि हात थरथरायचा. चेन बदलताना टेबलाचा आधार मिळे. चमच्याला कसला आधार? पातळ लापशी नको तेव्हा नको तिथे सांडायची, सुतार ठसकून काळानिळा व्हायचा. पहिल्याच महिन्यात छातीत कफ होऊन तो पुन्हा हॉस्पिटलात जाऊन आला. घरी आणला तेव्हा पायजम्याची कंबर मावशीला दोनदा आत घ्यावी लागली.

लेकीला फोन केला तो फोनवालीनं. मावशीला न विचारता.

लेक आली. बापाला उठवून बसवणं, पाठ पुसणं, चादर बदलणं हे सगळं तिनं केलं आणि त्यानं करू दिलं. अंगाला हात लावू नये असं नियमात नव्हतं. मग तिनं वाटी घेतली, समोर बसून चमचा पुढे केला. सुतारानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि तोंड मिटलं.

"खाली... ठेव," तो म्हणाला.

तिनं चमचा वाटीत ठेवला, वाटी स्टुलावर ठेवली. मावशीनं ती उचलली. निम्मी लापशी त्याच्या गळ्याशी बांधलेल्या फडक्यावर गेली.

दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मावशी लेकीला म्हणाली, "तू त्यांच्या डावीकडे बस. मी उजवीकडे बसते, वाटी घेऊन. बोलत राहते. दुसरी वाटी तुझ्याजवळ ठेव, चमचा तू चालव."

लेक तिच्याकडे बघतच राहिली. "आई, हे खोटं आहे."

"तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं. न बोलता कसलं आलंय खोटं?"

"न बोलता बोललेलं."

"मग काय, उपाशी ठेवू त्यांना? आईबापांना मान द्यावा ही आज्ञाच ना? ती पाचवी. खोटी साक्ष देऊ नये ही नववी. पाच आधी येतात की नऊ?"

लेकीला हसू आलं. "तू त्या चौघांच्या बैठकीला हवी होतीस. एकेकाची शिलाई उसवली असतीस."

"हसू नकोस. बस जाऊन."

पँटच्या दुमडीला मावशी असा टाका घालायची की उलटीकडून सगळं पक्कं आणि सुलटीकडून काहीच दिसू नये. हेही तसंच जमलं. ती उजवीकडे वाटी धरून बसायची, दुकानात कोण आलं, कोणाचं अस्तर कसं निघालं, हे सांगत राहायची. सुतार तिच्याकडे बघत ऐकायचा. डावीकडून लेकीचा हात यायचा, ओठांशी टेकायचा, थांबायचा, गिळल्यावर परत थांबायचा. एकदाही ठसका नाही. आठवड्यात त्याच्या गालांवर जरा रंग आला.

"आज हात... स्थिर आहे गं तुझा," एके दिवशी तो म्हणाला. "औषध लागू पडलं?"

"पडलं," मावशी म्हणाली.

पलीकडे लेक मान खाली घालून वाटीतली साय बाजूला करत होती.

सकाळी कामाच्या आधी आणि संध्याकाळी कामानंतर दोन बसा बदलून ती यायची. आपल्या जेवणाचा डबा आणायची आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं खायची. मावशी आपली थाळी घेऊन टेबलाशी. अंतर हातभराचं. "एवढ्या जवळ बसून जेवायला नियम आडवा येतो," लेक डबा पुसत म्हणाली, "आणि बाबांना फसवायला येत नाही. हात न धुता जेवले म्हणून शिष्यांना नावं ठेवणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला होता गं?"

"देवाची आज्ञा सोडून माणसांचे नियम धरता, असं म्हणाला. मला माहीत आहे ते," मावशी म्हणाली. "बाबांना पाणी ठेव."

त्यांच्यात जेवणाआधी हात धरून प्रार्थना करायची पद्धत. टेबलाभोवती सगळ्यांनी शेजारच्याचा हात धरायचा आणि घरातल्या कर्त्यानं आभार मानायचे. आता सुताराला एवढं लांब बोलता येईना, म्हणून मावशीच त्याचा उजवा हात धरून दोन वाक्यं म्हणायची. लुळा डावा हात पांघरुणावर पडलेला असायचा. लेक दूर ठेवलेली, तिला या साखळीत जागा नव्हती. ती हात मांडीवर ठेवून थांबायची.

त्या संध्याकाळी ती फार दमून आली होती. वृद्धाश्रमात सकाळी एक म्हातारी गेली होती. मावशीनं प्रार्थना सुरू केली, लेकीनं डोळे मिटले, आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तिचा हात शेजारी गेला. तिनं बापाचा डावा हात धरला. आमेन म्हणताना दाबला. लहानपणी बाप-लेकीचा हा खेळच होता. आमेन म्हणताना कोण जोरात दाबतो आणि कोण आधी 'आई गं' म्हणतो. मावशी रागवायची, प्रार्थनेत खेळ करता म्हणून.

मावशीनं डोळे उघडले तेव्हा नवरा तिच्याकडे बघत नव्हता. तो आपल्या पांघरुणाकडे बघायचा प्रयत्न करत होता. मान डावीकडे वळेना.

"कोण आहे?" तो म्हणाला.

लेकीनं हात काढून घेतला होता.

"कोण असणार?" मावशी म्हणाली. "मीच आहे. तोंड उघडा, गार होतंय."

"तुझे हात... इकडे आहेत." त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. एका हातात वाटी होती, दुसऱ्यात त्याचा उजवा हात. मग तो तिच्याशी बोलायचं सोडून त्या रिकाम्या बाजूला म्हणाला, "तू सांग."

कोणाला विचारतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि त्या बाजूनं खोटं येणार नाही, हेही.

"मी आहे, बाबा," लेक म्हणाली.

"रोज?"

"रोज."

सुतारानं तोंड मिटलं. चिडला नाही, ओरडला नाही. नुसतं मिटलं.

स्वयंपाकघरात येऊन मावशीनं वाटी मोरीत आदळली. "एकदा! जन्मात एकदा खोटं बोलली असतीस तर आभाळ कोसळणार होतं?"

लेक भिंतीला टेकून उभी होती. "बाबांनी मला विचारलं, आई. सहा वर्षांनी काहीतरी विचारलं. मी काय 'कोणी नाही' म्हणू?"

तिथून पुढे सगळं बिघडलं. सुताराचा आता कोणत्याच चमच्यावर विश्वास उरला नाही. डावीकडे कोण आहे ते त्याला दिसत नव्हतं, आणि उजवीकडे बसून बायको महिनाभर फसवते हे कळून चुकलं होतं. फोनवालीनं भरवून पाहिलं, त्यानं तोंड उघडलं नाही. मंडळीतल्या बायका आल्या, त्यांच्याहीकडे तो संशयानं बघत राहिला. वृद्धाश्रमातली एक बाई लेकीनं आणली, तिला तर "तिनं... पाठवलं" म्हणून परतच पाठवलं. हॉस्पिटलात नाकातून नळी घातली, ती त्यानं चांगल्या हातानं उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तो फक्त बायकोचा सुजलेला, सुयांनी टोचलेला हात उजवीकडून येताना दिसला तरच ओठ उघडायचा. आणि तो हात थरथरायचा.

"तुम्हीच दोघींनी त्याला इथवर आणलं," मंडळीतली एक बाई दारात म्हणाली. रात्रंदिवस मावशीचं मनही तेच म्हणत होतं.

पाळकबाबा आले ते मंगळवारी. वयानं लहान, बोलायला मऊ, मंडळीनं प्रवचनासाठी पगारावर ठेवलेला माणूस. मावशीनं त्यांना दुकानाच्या खोलीत बसवलं. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. लेक स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती.

"तुम्ही एक शब्द सांगा," मावशी म्हणाली. "लेकीच्या हातचं घ्या म्हणून. तुमचं ऐकतील ते."

"माझ्या एकट्याच्या हातात असतं, मावशी, तर..."

"मग तुमच्या हातात काय आहे?"

पाळकबाबांनी मान खाली घातली. "रविवारी वडिलांची बैठक आहे. मी विषय काढतो."

"शब्बाथाच्या, काही काम करायचं नाही त्या दिवशी प्रभूपुढे वाळल्या हाताचा माणूस आला. प्रभूनं त्याला तिथल्या तिथे बरं केलं, की म्हणाला, थांब बाबा, बैठकीत तुझा विषय काढतो?"

"मावशी, ते प्रभू होते."

"आणि तुम्ही कोणाचे?"

बाहेर कोणीतरी पँट घेऊन आलं होतं. मावशीनं बसल्या जागेवरून हात हलवून त्याला परत पाठवलं.

पाळकबाबा म्हणाले, "एक मार्ग आहे. मी मिलवाल्या काकांशी बोलून आलोय. रविवारी तिनं मंडळीपुढे उभं राहून म्हणायचं, की मी भावाविरुद्ध चुकीची साक्ष दिली. एवढंच. तिनं आज शब्द दिला तरी पुरे. मी आत्ता आत जाऊन त्यांना सांगतो, की ती दूर नाही. ते आजपासून तिच्या हातचं घेतील."

"चुकीची साक्ष, की चुकीच्या ठिकाणी दिलेली?"

"चुकीची," पाळकबाबा म्हणाले. "काका त्याच शब्दावर अडून आहेत."

मावशीनं लेकीकडे पाहिलं.

"तू म्हणशील तर म्हणते, आई," ती म्हणाली. "तुझी शपथ. रविवारी काय, आत्ता म्हणते. पण तू म्हण."

झालं. सगळं येऊन मावशीच्या गळ्यात पडलं. सहा वर्षांपूर्वी तिला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि आज विचारलं ते असं.

'म्हण' हा शब्द तिच्या ओठांवर आलाही होता. एक शब्द, आणि आत नवरा पोटभर जेवला असता. ज्याच्यासाठी लेकीनं साक्ष दिली त्या कामगाराचा खटला कधीच निकाली निघाला होता, आता त्याचं काही बिघडणार नव्हतं. तो माणूस एकदा दुकानात आला होता. हाताच्या त्या प्रकरणानंतर वर्षभरानं. पिशवीत तीन सदरे होते. "बटणं काढून दाबायच्या टिचबटणांची पट्टी लावाल?" त्यानं विचारलं होतं. "एका हातानं काजात बटण जात नाही." मावशीनं वर न बघता पट्ट्या लावून दिल्या होत्या. सदरे घेताना तो म्हणाला होता, "तुमच्या लेकीला सांगा, बायको घालून द्यायची, पण ती दिवसभर कामाला असते." म्हणजे काय ते मावशीला तेव्हा नीट कळलं नव्हतं. लेकीचे आभार मानायचे होते की नुसतं कोणाला तरी सांगायचं होतं, देव जाणे. तिनं लेकीला हा निरोप कधी दिलाच नाही.

जाळी मालकानंच काढायला लावली होती. हे तिला ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं. मिलमधल्या दुसऱ्या दोन करवतींना त्यानंच मागाहून लाकडी आडोसे करून दिले होते आणि घरी येऊन न जेवता झोपला होता.

"नको," मावशी म्हणाली.

"मावशी, विचार करा. माणूस आत..."

"मला माहीत आहे आत कोण आहे ते. नको. तुम्ही जा."

पाळकबाबा गेले. लेक तोंडात ओढणी कोंबून रडत होती. मावशीनं लापशी गरम केली, आत गेली, उजवीकडे बसली. सुतार छताकडे बघत पडला होता. त्यानं किती ऐकलं होतं कोण जाणे. "तोंड उघडा," ती म्हणाली. त्यानं उघडलं. दुसऱ्याच चमच्याला ठसका लागला आणि तो थांबता थांबेना.

त्यानंतर त्याला ताप चढला आणि उतरला नाही. श्वासाबरोबर छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टर येऊन गेले, काही करण्यासारखं उरलं नाही म्हणाले. लेकीनं रजा घेतली. शुक्रवारी दुपारपासून त्यानं मावशीच्या हातचंही काही घेतलं नाही. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. वृद्धाश्रमात करतात तसं लेकीनं एक मऊ फडकं पाण्यात बुडवलं, बोटाला गुंडाळलं आणि ओठांवरून फिरवायला लागली. नुसतं ओलं करायला.

सुतारानं डोळे उघडले. ती या वेळी डावीकडे नव्हती. कूस बदलून त्याला उजव्या अंगाला वळवलं होतं, तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर होता. त्याचे ओठ हलले, उघडले, आणि फडक्यावर मिटले. तो ते चोखायला लागला, तान्हं बाळ चोखतं तसं. लेकीनं फडकं पुन्हा भिजवलं. तो थांबून राहिला, ते येईपर्यंत ओठ उघडे ठेवून. पुन्हा चोखलं. असं कितीतरी वेळ चाललं. मावशी पायथ्याशी उभी राहून बघत होती. तो लेकीला काही बोलला नाही. तिला ओळखलं की नाही, तेही कळलं नाही. शनिवारी उजाडताना श्वास थांबला.

वडील सकाळीच आले. तिघं, आता तिघंच, आणि मागे पाळकबाबा. मिलवाला म्हातारा झाला होता, काठी टेकत आला. त्यानं मेलेल्या मित्राच्या कपाळावर हात ठेवला आणि खरोखरच रडला. लहानपणापासूनची सोबत होती. मग दुकानाच्या खोलीत सगळे बसले. लेक आत, बापाजवळ.

"वहिनी," मिलवाला म्हणाला, "उद्या सगळी मंडळी येईल. मी स्वतः बोलणार आहे. स्वतःच्या पोटच्या पोरीपुढेही हा माणूस डगमगला नाही. उपाशी राहिला, पण नियम सोडला नाही. पोरांना सांगण्यासारखं मरण आहे हे. फक्त रीत म्हणून विचारतो. शेवटपर्यंत त्यानं तिच्या हातचं घेतलं नाही ना?"

मावशीच्या हातात नवऱ्याचा सदरा होता. त्याला घालायला काढलेला, झिजलेली कॉलर उलटवून शिवलेला.

"घेतलं," ती म्हणाली.

तिघांनी एकदम माना वर केल्या.

"काल दुपारी. पाणी. तिच्या बोटाला लावलेलं फडकं होतं, ते चोखलं. मी समोर उभी होते."

मिलवाल्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वहिनी, तुम्ही थकला आहात. झोप नाही तुम्हाला. असं म्हटलं तर त्याला मंडळीच्या कबरस्तानात कसं ठेवणार? आम्ही हे ऐकलं नाही असं समजतो. पुन्हा विचारतो."

"पुन्हा विचारा. पुन्हा तेच सांगेन. आणि उद्या तुम्ही म्हणालात की घेतलं नाही, तर बायकांच्या बाकावरून उठून सांगेन. आणि तेही सांगेन, की जाळी तुम्हीच काढायला लावलीत हे त्यांना ठाऊक होतं. मलाही."

मिलवाला उठला. बाकीचे दोघं उठले. दारात त्यांना बूट घालायला वेळ लागला, म्हातारी माणसं ती, आणि एकमेकांकडे न बघता घालत होती.

पाळकबाबा मागे रेंगाळले. हळूच म्हणाले, "मावशी, त्यांना शुद्ध नव्हती. ओठ असे आपोआप हलतात. 'मला माहीत नाही' असं म्हणाला असतात तर तेही खोटं झालं नसतं. माणूस आपल्या लोकांत पुरला गेला असता."

"आठवत नाही म्हण, असंच सांगितलं होतं तिलाही."

"मी तुमच्या भल्यासाठी..."

"त्यांना तहान लागली होती," मावशी म्हणाली, "आणि तिनं प्यायला दिलं. मनात काय होतं ते मला माहीत नाही. मी पाहिलं ते एवढंच. याबद्दल प्रभू काय म्हणाला ते तुम्ही मला शिकवलंय, मी तुम्हाला नाही."

पाळकबाबांचे कान लाल झाले. ते क्षणभर तिथेच उभे राहिले, आत जावं की काय असं वाटून. मग रस्त्यावरून काठीचा आवाज आला आणि ते गेले.

फोनवालीनं चार ठिकाणी फोन केले. म्युनिसिपालिटीच्या कबरस्तानात जागा मिळाली, गाडी दुपारी येणार होती. खांद्याला माणसं पुरत नव्हती. वृद्धाश्रमातून दोन नोकर येतो म्हणाले.

मावशी सदरा घेऊन आत गेली. तो आता त्याला फार सैल झाला होता. कापड पाठीकडे गोळा करून तिनं सुई ओवायला घेतली. हात इतका थरथरत होता की दोरा नेढ्यात जाईना. लेकीनं सुई मागायला हात पुढे केला नाही. नुसती बघत थांबली. मावशीनं सुई-दोरा तिच्या हातात दिला.

"मोठे टाके घाल," ती म्हणाली. "पाठीमागे आहेत. कोणाला दिसणार नाहीत."

लेक टाके घालत होती तोवर मावशीनं नवऱ्याचं डोकं धरून ठेवलं. ते मुळीच जड लागत नव्हतं.